चंद्र-सूर्य असेपर्यंत, किंवा फरशी बसेपर्यंत

फ्रान्सच्या दक्षिणेला नीम नावाचं शहर आहे. कडुनिंबाशी त्याचा संबंध नाही, डेनिमशी आहे; 'द नीम' म्हणजे 'नीमचं' कापड, त्यावरून तो शब्द आला असं मानतात. दीड वर्षापूर्वी कंपनीच्या कामासाठी तुलूजला होतो, तेव्हा एका शनिवारी रेल्वेने तिथे जाऊन आलो. रोमन लोकांनी पहिल्या शतकाच्या शेवटाकडे बांधलेलं १३३ मीटर लांबीचं दगडी रिंगण आणि त्याहून जुनं 'मेझाँ कारे' हे देऊळ पाहिलं. फोटो घरच्या ग्रुपवर टाकले. पाच मिनिटांत काकांचा मेसेज आला, "बघा, त्यांनी कसं जपलंय. नाहीतर आपले लोक!" त्याखाली चुलतभावाचा, "आपलं औंढा याहून भारी आहे. फक्त मार्केटिंग नाही."

वारशाबद्दलची आपली सगळी चर्चा या दोन मेसेजांमध्ये मावते. एक जण आपल्याला कमी लेखतो, दुसरा छाती फुगवतो. मला दोघांशीही भांडायचं आहे, कारण मूळ प्रश्नाकडे दोघेही बघत नाहीत.

आधी काकांचं. नीमच्या लोकांनी दोन हजार वर्षं काही काचेच्या पेटीत जपलेलं नाही. रोमन सत्ता गेल्यावर त्या रिंगणाचा किल्ला झाला. पुढे मध्ययुगात लोकांनी आत घरं बांधली, शेकडो माणसं तिथे पिढ्यान् पिढ्या राहिली. ती वस्ती हटवून रिंगण मोकळं केलं ते थेट एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला. मेझाँ कारेत कधी नगरकारभाऱ्यांच्या बैठका झाल्या, कधी घोडे बांधले गेले, कधी चर्च भरलं. १८२३ साली तिथे संग्रहालय आलं आणि जागतिक वारसा यादीत नाव लागलं २०२३ मध्ये. देऊळ टिकलं ते फ्रेंच माणसाच्या अंगच्या संस्कारांमुळे नाही. ते सतत कशाच्या तरी उपयोगी पडत राहिलं म्हणून टिकलं. आणि ते रिंगण आजही नुसतं बघायचं नाही, तिथे बैलांच्या झुंजी होतात, बैल मारले जातात. तेव्हा 'त्यांच्याकडून शिका' म्हणताना जरा जपून.

पण एक गोष्ट खरोखर शिकण्यासारखी आहे, आणि ती कोणाच्याही फोटोत येत नाही.

मेझाँ कारेच्या दर्शनी भागावर एकेकाळी धातूच्या अक्षरांत लेख होता. अक्षरं काळाच्या ओघात गेली. उरली फक्त ती बसवायला पाडलेली भोकं. इमारत नक्की कोणाची, यावर नुसते अंदाज चालत. नीमचाच एक माणूस होता, झाँ-फ्रांस्वा सेगिए. वनस्पतींचा अभ्यासक आणि जुन्या वस्तूंचा नादिष्ट. त्याने १७५८ साली त्या भोकांची नीट नोंद घेतली, कुठल्या अक्षराला खिळे कुठे लागतील याचा हिशेब मांडला आणि लेख वाचून दाखवला. हे देऊळ ऑगस्टसचे दत्तक पुत्र गायस आणि लुसियस यांच्या नावाने अर्पण केलेलं आहे, असं त्याचं वाचन होतं. त्यावर पुढे विद्वानांनी वाद घातले. घालता आले, कारण वाद घालायला काहीतरी लिहून ठेवलेलं होतं.

मी सॉफ्टवेअरवाला. मूळ कोड हरवलाय, कागदपत्रं नाहीत, फक्त चालणारी सिस्टीम समोर आहे आणि तिच्यावरून लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं ते शोधायचं, हे आमचं रोजचं काम. भोकांवरून लेख वाचणारा तो माणूस मला आमच्याच जातकुळीचा वाटला. आणि त्याच क्षणी पोटात गोळा आला, कारण मला आमच्या गावचं देऊळ आठवलं.

आता चुलतभावाचं. औंढा नागनाथ भारी आहे, यात शंकाच नाही. बारा ज्योतिर्लिंगांपैकी आठवं म्हणून आपण त्याला मानतो. गाभाऱ्यात जायला खाली उतरावं लागतं. बाहेरून पाहिलं तर खालचा भाग घडीव दगडाचा, शिल्पांनी गच्च भरलेला. वरचा भाग वेगळ्याच बांधणीचा, नंतरचा. तो जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांच्या नावे सांगितला जातो. खाली काय आणि वर काय, कोणालाही कळतं. नवं काम जुन्याचं सोंग घेत नाही. देवळाने तोंड फिरवल्याची नामदेवांची कथा तर आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. कीर्तन करणाऱ्या नामदेवांना समोरून उठवलं, ते मागे जाऊन बसले, तर देऊळच त्यांच्याकडे वळलं. माझी आजी ती कथा सांगताना दर वेळी रडायची.

पण मी लहानपणापासून दर श्रावणात औंढ्याला जातो आणि वयाच्या पंचविशीपर्यंत त्या बाहेरच्या भिंतींकडे एकदाही थांबून पाहिलं नव्हतं. रांग, दर्शन, प्रसाद, नारळ, परत. कोणी विचारलंच तर उत्तर तयार, 'हेमाडपंती आहे.'

हा शब्द आपण कुलपासारखा वापरतो. हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत हा महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. अंबरनाथच्या शिवमंदिरालाही लोक सर्रास हेमाडपंती म्हणतात, आणि तिथला शिलालेख १०६० सालचा आहे, हेमाद्रीच्या दोनशे वर्षं आधीचा! एका लेखाने केवढा फरक पडतो बघा. हेमाडपंती नसेल तर 'पांडवांनी एका रात्रीत बांधलं.' दोन्ही उत्तरांनी एकच काम होतं: पुढचा प्रश्न बंद. मग कुठल्या राजाने, कुठल्या गावाच्या उत्पन्नावर, कोणासाठी आणि का बांधलं, हे विचारायची गरजच उरत नाही.

आता आमच्या गावचं. औंढा तालुक्यातलंच एक लहान गाव, महादेवाचं जुनं दगडी देऊळ. दाराशेजारी एक उभा दगड होता. वर चंद्र-सूर्य कोरलेले, खाली सहा-सात ओळी. लहानपणी आम्ही पोरं त्या अक्षरांच्या खाचांत बोटं फिरवायचो. दगडावर चंद्र-सूर्य असले की तो बहुधा दानलेख असतो, हे मला फार उशिरा कळलं. अर्थ असा, की हे दान चंद्र-सूर्य असेपर्यंत चालावं. कोणी काय दिलं होतं? जमीन? दिव्याचं तेल? ते कोणी कधी वाचलंच नाही.

तीन वर्षांपूर्वी गावाने जीर्णोद्धार काढला. वर्गणी मागितली, मी मोबाईलवरून पाच हजार पाठवले. अभिमानाने पाठवले, स्क्रीनशॉटही टाकला. खांबांना ऑइलपेंट लागला, भिंतींना ग्रॅनाइट, आणि तो दगड पायरीत आडवा घालून त्यावर चकचकीत फरशी बसली. रोमन लेखाची अक्षरं गेली तरी भोकं उरली होती. आमची अक्षरं शाबूत होती, ती आम्ही सिमेंटमध्ये गाडली. माझ्या पैशाने.

गावकऱ्यांना मी वाईट म्हणणार नाही. त्यांच्या लेखी हे प्रेमच होतं. घर सजवतात तसं त्यांनी देवाला सजवलं. इथे कोणीतरी म्हणेलच, 'नीमचं देऊळ मेलेलं आहे, गायस-लुसियसला आज कोण पुजतं? आमचा महादेव जिवंत आहे, त्याला संग्रहालय करू नका.' अगदी मान्य. तिकीट नको, दोरी नको, अभिषेक चालू दे. पण देव जिवंत आहे म्हणून त्याच्या दारातला कागद फाडावा, असं कुठे आहे? सातबाऱ्यावर रंग फासलेला आपल्यातल्या एकाला तरी चालेल का?

आणि याला पैसाही लागत नाही. १९६० चा राज्याचा कायदा संरक्षित स्मारकांसाठी आहे. गावोगावची अशी बहुतेक देवळं कुठल्याच यादीत नाहीत, म्हणून सरकारची वाट पाहण्यात अर्थ नाही. रात्री बॅटरी बाजूने तिरकी धरायची म्हणजे झिजलेली अक्षरं सावलीत उठून दिसतात. फोनवर दहा फोटो काढायचे. जाणकार मिळाला तर ओला कागद दगडावर चोपून शाईचा ठसा घेता येतो. वाचायला माणसं आहेत. शं. गो. तुळपुळ्यांचा 'प्राचीन मराठी कोरीव लेख' १९६३ साली आला, गो. बं. देगलूरकरांनी मराठवाड्याच्या मंदिरांवर आयुष्य घातलं. काम आधी झालेलं आहे, आपण त्यांना आपल्या गावचा दगड दाखवत नाही एवढंच.

म्हणून एकच मागणं. पुढच्या वेळी गावाहून जीर्णोद्धाराची वर्गणी मागितली, तर जरूर द्या. पण आधी विचारा, कुठे अक्षरं आहेत का, आणि त्यांचे फोटो काढलेत का? फोटो आले की पैसे.

काकांना मी हे सगळं फोनवर सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "त्या दगडावर पहिल्या ओळीत 'स्वस्ति' होतं रे. माझे वडील एवढंच वाचायचे."

एवढंच उरलं आहे. ते मी इथे लिहून ठेवतो.