विहिरी कोणी उपसल्या?

दर १७ सप्टेंबरला अहमदपुरात काय नि नांदेडात काय, मुक्तिसंग्राम दिनाच्या भाषणांचा सूर एकच: हैदराबाद संस्थानावरची १९४८ ची पोलीस कारवाई पाच दिवसांत आटोपली, निजाम शरण आला, लोक सुखरूप घरी परतले. पहिली दोन विधानं खरी. तिसरं अर्धंच.

निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांच्या जाचामुळे संस्थानाच्या सरहद्दीपलीकडे गेलेली कुटुंबं परतली, पण त्याच सुमारास हल्ल्यांना भिऊन दुसरी माणसं, मुसलमान, गाव सोडत होती. अहमदपूर तालुका तेव्हा बीदर जिल्ह्यात होता. १९४८ च्या अखेरीस दिल्लीने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ बसलेले जिल्हे नोंदवले, ते उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. लातुरातल्या सुमारे १०,००० मुसलमानांपैकी तिला जेमतेम ३,००० आढळले. कित्येक ठिकाणी विहिरींत प्रेतं कुजत होती. एका विहिरीत समितीने अकरा मोजली. त्यात एक बाई होती, तिच्या छातीला बिलगलेलं मूल होतं.

हे उकरून काढणं म्हणजे रझाकारांवर पांघरूण घालणं, असं म्हणतात. रझाकारांचे अत्याचार नाकारतो कोण? एका गुन्ह्यातून दुसरा वजा होत नाही, एवढंच.

दुसरा युक्तिवाद व्यवहारी दिसतो: विहीर उपसा, शाळा उघडा, माणसं आपोआप येतील. विहीर उपसता येते हो. पण ती भरणारा शेजारच्या ओट्यावर बसलेला असताना तिच्यात पोहरा सोडायला कोण धजेल? बळकावलेलं दुकान परत मिळवून देणारा, तक्रार लिहून घेणारा अंमलदार ही परतणाऱ्याची पहिली गरज. पाणी नि दिवाबत्ती तिच्या मागून. २०१७ मध्ये इराकमधलं मोसुल जिंकल्यावरही ढिगाऱ्यांतली स्फोटकं काढल्याशिवाय नळ जोडणं शक्य नव्हतं. आपल्याकडची स्फोटकं माणसांच्या मनात होती.

आणि 'तेव्हा पुनर्वसन कुठे होतं' हेही टिकत नाही. फाळणीच्या निर्वासितांसाठी केंद्रात १९४७ मध्येच स्वतंत्र खातं निघालं होतं. पुढे १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादेत ५२ गावं नव्या जागी वसवली. कुणाला २५०, कुणाला ४०० आणि कुणाला ७५० चौरस फुटांचं घर, हे जमीनधारणेवरून ठरलं. सुंदरलाल अहवाल मात्र कपाटात गेला.

त्यातली एक नोंद भाषणांत यायला हवी. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना काही ठिकाणी हल्लेखोरांपासून वाचवलं. परतणाऱ्यांची यादी करायची, तर सुरुवात या मागांपासून करता आली असती.