'नेट गेले' या वाक्याचा कर्ता

'नेट गेले' हे वाक्य अलीकडे मराठी घरांत 'वीज गेली'इतकेच सहज उच्चारले जाते. व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष आहे. अर्थदृष्ट्या मात्र जवळजवळ निरुपयोगी. लॅपटॉप आणि राउटर यांच्यामधला दुवा तुटला, राउटरपासून सेवा देणाऱ्या कंपनीपर्यंतची तार तुटली, की त्याही पलीकडे काही बिघडले, तिन्ही प्रसंगी आपण हेच म्हणतो. आणि 'गेले' या क्रियापदाच्या कृपेने दोष आपोआप घराबाहेर जातो. माझे म्हणणे असे की, घरून काम करणाऱ्याच्या बाबतीत हा दोष पुष्कळदा घराच्या मांडणीत असतो आणि त्याची किंमत ती मांडणी करणारा सहसा मोजत नाही. हे मी उशिरा शिकलो, म्हणून लिहितो आहे.

माझी सून गेली चार वर्षे घरून काम करते. बंगळूरच्या एका कंपनीसाठी ती संगणकप्रणालींच्या माहितीपुस्तिका लिहिते. आमचे घर पुण्यातल्या एका जुन्या पेठेत, चौदा इंची विटांच्या भिंतींचे. तिची बसायची जागा स्वयंपाकघरामागच्या खोलीत. बैठकी सुरू असताना तिचा आवाज तुटे, चेहरा गोठे, दुसऱ्याचे वाक्य संपायच्या आत तिचे वाक्य मध्येच उमटे. वार्षिक मूल्यमापनात तिला सांगण्यात आले की, तिच्या बोलण्यात आत्मविश्वास कमी जाणवतो. जेवताना तिने हे सांगितले, तेव्हा मी इंटरनेट पुरवणाऱ्यांना यथेच्छ दूषणे दिली. तीनदा तक्रार केली. तिन्ही वेळा एक तरुण आला, राउटरशेजारी उभे राहून त्याने मोबाइलवर वेग मोजून दाखवला आणि तो ठरल्याइतकाच भरला. मी त्याला मनोमन खोटारडा ठरवले. वस्तुतः तो माझ्या खोलीतले सत्य सांगत होता, कारण राउटर माझ्या खोलीत होता.

शोध शेवटी तिनेच लावला. लॅपटॉपवर तिने दोन खिडक्या उघडल्या. एकीतून आमच्या राउटरला आणि दुसरीतून बाहेरच्या एका सर्व्हरला दर सेकंदाला छोटासा संदेश पाठवायचा आणि उत्तराला किती वेळ लागतो ते पाहायचे. याला 'पिंग' म्हणतात. घरातल्या राउटरचे उत्तर दोन-चार मिलिसेकंदांत यायला हवे. तिच्या खोलीत ते कधी पाच, कधी आठशे मिलिसेकंदांनी येई. कधी येतच नसे. मग लॅपटॉप घेऊन ती माझ्या खोलीत आली, राउटरला तारेने जोडला, आणि दोन्ही खिडक्यांतले आकडे शांत झाले.

"बाबा, बाहेरची लाइन ठीक आहे," ती म्हणाली. "बिघाड तुमच्या कपाटापासून माझ्या टेबलापर्यंत आहे."

कपाट लोखंडी, पुस्तकांनी गच्च भरलेले, आणि राउटर त्याच्या मागे, कारण तार त्याच खिडकीतून आत आली होती. धातूवरून या लहरी परततात, जाड विटांत त्या विरतात. त्यातही ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान पण भिंतींपुढे लवकर हार मानणाऱ्या; २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंत बऱ्यापैकी ओलांडतात, पण तेथे गर्दी फार. भारतात हा पट्टा २००५ साली परवानामुक्त झाला, त्यामुळे शेजारपाजारच्या प्रत्येक घराचा राउटर त्याच पट्ट्यात बोलत असतो. त्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या प्रत्यक्षात तीनच, १, ६ आणि ११. मायक्रोवेव्ह ओव्हनही साधारण २.४५ गिगाहर्ट्झवरच चालतो. स्वयंपाकघर मध्ये असल्याने दुपारच्या बैठकीत आमची आमटी गरम होताना तिचे वाक्य तुटत असे.

वेगाच्या आकड्याने आपण फसतो तेही येथेच. बोलण्यासाठी वेग अगदी थोडा लागतो; लागते ती नियमितता. निरनिराळ्या दहा भाषांतल्या संभाषणांचा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होण्यातले सरासरी अंतर सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आसपास असते, असे त्यात दिसते. त्यात अर्धा सेकंद वाढला की ऐकणाऱ्याला तो विलंब तारेचा वाटत नाही, माणसाचा वाटतो. गोंधळला, तयारी नाही, टाळतो आहे. साहित्याच्या वर्गात आपण मौनाचे अर्थ लावायला शिकवतो. ही सवय येथे घातक ठरते.

मी उत्साहाने बाजारातून एक रिपीटर आणला आणि तिच्या खोलीतच लावला. काही सुधारले नाही. जेथे संकेत आधीच क्षीण, तेथे तोच क्षीण संकेत हे यंत्र पुन्हा उच्चारणार. पाठचिकित्सा शिकवलेल्या माणसाला अपपाठाच्या नकलेतून शुद्ध पाठ मिळत नाही, हे तरी सुचायला हवे होते. असो. अखेर राउटर कपाटामागून काढला आणि माझ्या खोलीपासून तिच्या खोलीपर्यंत, दारांवरच्या झरोक्यांतून, वीसेक मीटर कॅट-६ तार नेली. अशी तार शंभर मीटरपर्यंत निर्धोक चालते. तिच्या टेबलावर तारेचे टोक थेट लॅपटॉपला. लॅपटॉपला तसे छिद्र नसल्याने मध्ये एक छोटा जोड. दोन हजारांच्या आत सगळे झाले. "भिंत विद्रूप होईल," असे आमच्या सौभाग्यवतींचे मत पडले. टीव्हीची केबल त्याच भिंतीवरून बारा वर्षे लोंबते आहे, तिच्याबद्दल मात्र कधी कोणी बोलले नव्हते.

व्हर्जिनिया वुल्फ यांचे 'अ रूम ऑफ वन्स ओन' हे १९२९ सालचे पुस्तक मी पदव्युत्तर वर्गाला अनेक वर्षे शिकवले. लिहिणाऱ्या स्त्रीला पैसा आणि स्वतःची खोली हवी, हे त्यातले प्रतिपादन मी तन्मयतेने समजावून देत असे. सुनेला खोली होती, पगारही होता. घरातला राउटर मात्र निवृत्त प्राध्यापकाच्या अभ्यासिकेत होता आणि तो दिवसातून दोनदा ई-मेल पाहत असे. कोणी ठरवून केले नव्हते. तार जेथून आत येते ती खिडकी कोणाची, हा प्रश्नच घरात कोणाला पडला नाही. बैठकीच्या खोलीत टीव्हीमागे राउटर आणि काम करणारी व्यक्ती शयनगृहात पलंगाच्या कडेवर, ही मांडणी मी नंतर ओळखीच्या अनेक घरांत पाहिली. रोज सर्वाधिक वेळ ज्याचे काम या लहरींवर अवलंबून आहे, त्याच्या टेबलापासून मोजणी सुरू व्हावी, एवढेच माझे म्हणणे.

आता एक कबुली. २०२१ साली मी एका पीएच.डी.च्या मौखिक परीक्षेला बहिःस्थ परीक्षक म्हणून ऑनलाइन उपस्थित होतो. उमेदवार कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातून, बहुधा स्वयंपाकघरातूनच, बोलत होती. मागे भांड्यांची मांडणी दिसे. माझ्या प्रश्नानंतर ती दोन-तीन सेकंद गप्प राही, मग घाईने बोलू लागे. प्रबंध चांगला होता. अहवालात मी लिहिले: 'उत्तरे देताना आत्मविश्वास कमी जाणवला.' सुनेने तिच्या वरिष्ठांचे वाक्य सांगितले, तेव्हा ते कोठे वाचले आहे हे आठवायला मला दोन दिवस लागले. परीक्षकाने असा खंड पडताच प्रश्न पुन्हा विचारावा, साध्या फोनवरून ऐकावे, नाहीच जमले तर परीक्षा पुढे ढकलावी आणि खंडाची नोंद अहवालात करावी. यातले मी काहीही केले नव्हते.

तिला पदवी मिळाली. तिच्या मार्गदर्शकांना मी गेल्या महिन्यात पत्र लिहिले आहे. तो शेरा नोंदीतून काढता येतो का, अशी विचारणा त्यात आहे. उत्तर अजून आलेले नाही.