मधली सुट्टी ही शिक्षेची वेळ नव्हे

गृहपाठ राहिला, वही विसरली, वर्गात बोललात, तर "मधल्या सुट्टीत बाहेर जायचं नाही" ही शिक्षा आपल्या वस्तीतल्या मुलांना चांगली माहीत आहे. परीक्षा जवळ आली की धडे पुरे करायलाही हीच सुट्टी कापली जाते. कुणी हात उगारलेला नसतो, म्हणून पालकही गप्प राहतात. आरोग्याचे काम करणाऱ्या आम्हाला मात्र हे मान्य नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे की, ५ ते १७ वर्षांच्या मुलामुलींनी रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल केली पाहिजे. पळण्या-उड्या मारण्याने हाडे बळकट होतात, हृदय आणि फुप्फुसे तयार होतात, झोप चांगली लागते. दिवसाच्या उजेडात बाहेर खेळणाऱ्या मुलांना लांबचे अंधुक दिसून चष्मा लागण्याचा धोकाही कमी असतो.

आता ही ६० मिनिटे आपल्या लेकरांनी आणायची कुठून? घर दहा बाय दहाचे. गल्लीत दुचाक्या आणि उघडे गटार. शाळा सुटली की मुलगी पाणी भरते, धाकट्याला सांभाळते. मुलगा शिकवणीला जातो, नाहीतर मोबाईल घेऊन बसतो. सोसायटीतल्या मुलांना बाग असते, क्लास असतात. आपल्या मुलांना शाळेचे पटांगण, तेवढेच.

पी.टी.चा तास असतो, हे खरे. पण तो रोज नसतो, आणि त्यात बराच वेळ रांगेत उभे राहण्यात व आपली पाळी येण्याची वाट पाहण्यात जातो. मधली सुट्टी रोज असते. लंगडी, साखळी, विषामृत, दोरीवरच्या उड्या यांना खर्च नाही, शिकवणारा लागत नाही. सगळी ६० मिनिटे एका सुट्टीत होत नाहीत, पण त्यांतला एक हिस्सा तिथे हमखास मिळतो.

हिशेब मांडून पाहा. अर्ध्या तासाच्या सुट्टीत हात धुणे, खिचडीची रांग, जेवण, पाणी, शौचालय हे सगळे उरकून खेळायला समजा १५ मिनिटे उरली. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा वर्षाला किमान २०० दिवस भरली पाहिजे. म्हणजे वर्षाचे ५० तास खेळ. रोज आतच बसवलेल्या मुलाचे हे ५० तास बुडतात, आणि घरी ते भरून निघत नाहीत.

मुलींचे नुकसान याहून जास्त आहे. जिथे मुलींसाठी पुरेशी शौचालये नाहीत किंवा दाराला कडी नाही, तिथे त्यांची सुट्टी रांगेतच संपते. काही मुली ती वेळ येऊच नये म्हणून शाळेत पाणीच पीत नाहीत. मग लघवीला जळजळ होते, डोके दुखते. वरून घरचा धाक, "गणवेश मळवलास तर बघ." मोठ्या वर्गातल्या मुली तर भिंतीशी नुसत्या उभ्या राहतात. त्यांच्या हातात दोरी द्या, मग बघा.

शिक्षकांची अडचण आम्हाला कळते. वर्ग मोठा, अभ्यासक्रम लांब, आणि मूल पडले तर जाब त्यांनाच विचारला जातो. पण सतत बसून मुलांचे लक्ष वाढत नाही, उडून जाते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली स्पष्ट सांगितले आहे की, शिक्षा म्हणून किंवा अभ्यासासाठी मुलांची सुट्टी काढून घेऊ नये. जे मूल वर्गात सारखे चुळबुळ करते, त्याला तर पळण्याची गरज सगळ्यांत जास्त असते.

आणखी एक गोष्ट. सुट्टीत जे मूल खेळतच नाही, थोडे पळून खाली बसते, ज्याला लगेच धाप लागते, त्याला आळशी म्हणू नका. रक्त कमी असेल, दमा असेल, क्वचित हृदयाचा दोषही असेल. त्याला सरकारी दवाखान्यात दाखवा. शाळेत लोहाच्या गोळ्या मिळतात, लहानांना गुलाबी आणि मोठ्यांना निळी. मूल ती घेते का, हेही विचारा.

मायबहिणींनो, सरकारी, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. ती खुर्ची सह्या करण्यापुरती नाही. पुढच्या बैठकीत चार गोष्टी मांडा. सुट्टी शिक्षा म्हणून काढू नये. जेवणाची वेळ आणि खेळाची वेळ वेगळी ठेवावी, म्हणजे मूल खेळायच्या घाईत अर्धपोटी उठणार नाही. मुलींच्या शौचालयाला पाणी आणि कडी हवी. पटांगणात गाड्या लागू नयेत, आणि शाळेत चार दोऱ्या नि दोन चेंडू असावेत. जे ठरेल ते इतिवृत्तात लिहून घ्या.

आणि घरी आल्यावर लेकीला "आज काय शिकलीस?" विचारता, तसेच "आज काय खेळलीस?" हेही विचारा. सलग तीन दिवस "काही नाही" असे उत्तर आले, तर चौथ्या दिवशी शाळेत जाऊन कारण विचारा.