Explained : सातबारा आहे, गाव नाही! ‘बेचिराख’ गावांच्या पांढरीत काय दडलंय?

परभणी : महसुली नोंदीत गावाचं नाव आहे, शिवार आहे, सातबाराही निघतो; पण तिथे एकही घर नाही. अशा गावाला ‘बेचिराख’ म्हणतात. मराठवाड्यात हा शब्द सर्रास ऐकू येतो.

शब्द कुठून आला?
याचा राखेशी संबंध नाही. मूळ फारसी शब्द ‘बेचिराग’, म्हणजे जिथे दिवा लागत नाही ते.

खूण कशी ओळखायची?
काळ्या शिवारात पांढुरक्या मातीचं टेकाड दिसतं. ही ‘पांढरी’. मातीची घरं पडत गेली, त्यात राख, शेण, चुना मिसळला आणि थरावर थर चढले. खापरं, बांगड्यांचे तुकडे, जात्याची तळी वर येतात.

गावं का उठली?
दुष्काळ, साथी, लुटालूट, आटलेलं पाणी. १६३०-३२ च्या दुष्काळात दख्खनमधली गावंच्या गावं ओस पडली. पण एखादं गाव नेमकं कशामुळे उठलं, हे बहुतेकदा कागद सांगत नाही, माती सांगते.

माती कशी सांगते?
पुणे जिल्ह्यातील इनामगाव इथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ दरम्यान उत्खनन केलं. ही वस्ती सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची. वरच्या थरांत चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आढळल्या. शेती खालावल्याची ती खूण होती. इंग्लंडमध्ये व्हॅरम पर्सी या मध्ययुगीन ओसाड गावात १९५० पासून चाळीस वर्षं खोदकाम चाललं. शेतीऐवजी मेंढ्या पाळण्यासाठी जमीनमालकांनी शेवटची कुटुंबं हटवली, असं त्यातून आणि कागदपत्रांतून पुढे आलं.

मग अडचण काय?
पांढरीची माती शेतात खत म्हणून आणि माळवदावर टाकायला पूर्वीपासून नेतात. टोपलीने नेली तेव्हा टेकाड टिकलं. जेसीबीपुढे ते काही दिवसांत सपाट होतं. १९६० चा राज्याचा पुरातत्त्व कायदा संरक्षित म्हणून जाहीर झालेल्या जागांनाच कवच देतो. बाकीच्या पांढरी उघड्यावरच आहेत.

काय करता येईल?
प्रत्येक पांढरीचं उत्खनन शक्य नाही. पण गट नंबर, मोबाईलवरचे फोटो आणि जुन्या माणसांनी सांगितलेलं गावाचं नाव, एवढी नोंद ग्रामपंचायतीला पैसा न लागता ठेवता येते. माती उचलण्याआधी ती व्हायला हवी. नाव सातबारावर राहील. गाव का उठलं, हे सांगणारी माती एकदा ट्रॉलीत भरली की परत येत नाही.