कांदा सगळ्यांचा, जोखीम एकट्याची

फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याने दहा पोती कांदा सोलापूरच्या बाजारात विकला. वजन भरले ५१२ किलो आणि भाव मिळाला किलोला एक रुपया. वाहतूक, हमाली, तोलाई वजा जाता त्याच्या हाती दोन रुपयांचा धनादेश पडला, तोही पुढच्या तारखेचा. त्या धनादेशाचे छायाचित्र देशभर गाजले, विधिमंडळात गदारोळ झाला आणि राज्य सरकारला कांद्यासाठी क्विंटलमागे ३५० रुपयांचे अनुदान जाहीर करावे लागले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, कांदा महागण्याची चिन्हे दिसताच केंद्र सरकारने निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसविले. सहा महिन्यांत बाजाराची दिशा उलटली. मात्र भाव पडला तेव्हा ज्याचे नुकसान झाले, त्याच्याच खिशाला भाव चढू लागल्यावरही कात्री लागली.

शेती बेभरवशाची असते, हे शहरातील वाचकालाही नवे नाही. पाऊस, गारपीट, रोग यांची जोखीम निसर्गाने घातलेली आहे. परंतु या जोखमीवर बाजार, कर्ज आणि सरकारी धोरण यांचे जे थर चढतात, ते माणसांनी घातलेले असतात. साखळीतील इतर प्रत्येक घटक आपला धोका पुढच्याकडे किंवा मागच्याकडे सरकवू शकतो. आडत्याची आडत भाव कोणताही असो, वसूल होते. वाहतूकदार भाडे घेतो. किरकोळ विक्रेता नासाडीचा अंदाज बांधून दर लावतो. धोका सरकवायला जागा नसते ती फक्त पिकविणाऱ्याला. स्थानिक उत्पादकाला आधार द्या, असे आवाहन अलीकडे वारंवार केले जाते. त्या आधारात ही जोखीम वाटून घेण्याची तयारी आहे का, हा खरा प्रश्न आहे.

चाळीतील जुगार

महाराष्ट्रात कांद्याचे तीन हंगाम असतात. खरिपाचा पोळ कांदा, त्यानंतरचा रांगडा आणि रब्बीचा उन्हाळ. यातला केवळ उन्हाळ कांदा टिकतो. साधारण मार्च ते मे या काळात तो निघतो आणि पुढे दिवाळीच्या आसपास नवा माल येईपर्यंत देशाची गरज मुख्यत्वे त्यावरच भागते. म्हणूनच नाशिक जिल्ह्यातील निफाड, येवला, चांदवड भागात शेताच्या कडेला कांद्याच्या चाळी दिसतात. खालून व बाजूंनी हवा खेळेल अशी रचना असलेली ही चाळ म्हणजे शेतकऱ्याची तिजोरी आणि त्याचा जुगारही.

काढणीच्या वेळी बाजारात माल उसळलेला असतो, त्यामुळे भाव पडलेला असतो. चाळीत ठेवावा तर कांदा सुकतो, सडतो, त्याला कोंब फुटतात. चार-पाच महिन्यांच्या साठवणुकीत ३० ते ४० टक्के घट येऊ शकते. उदाहरणादाखल, काढणीच्या वेळी हजार रुपये क्विंटल भाव असताना शंभर क्विंटल कांदा एखाद्याने चाळीत ठेवला, असे धरू. ३० टक्के घट झाली तर ७० क्विंटल उरतो. म्हणजे नुसते मूळचे एक लाख रुपये हाती यायला त्याला सुमारे १,४३० रुपये क्विंटल भाव मिळाला पाहिजे. चाळीचा खर्च, निवडणीची मजुरी आणि कर्जाचे व्याज त्यापलीकडे. शिवाय निवडताना निघालेली गोल्टी निम्म्या-पाऊण दराने जाते, ते वेगळेच.

थांबायचे की विकायचे, हा निर्णय पुष्कळदा भावाकडे पाहून होतच नाही. खरिपाच्या तोंडावर बियाणे-खते घ्यायची असतात, मुलांच्या शाळेची फी भरायची असते, सोसायटीचे कर्ज मुदतीत फेडले तरच व्याजसवलत टिकते. ज्याच्या गाठीला पैसा आहे तो थांबतो, ज्याच्याकडे नाही तो पडत्या भावात विकून मोकळा होतो. भाडेपट्ट्याने किंवा वाट्याने जमीन करणाऱ्याची स्थिती त्याहून अवघड. सातबारावर नाव नसल्याने बँकेचे दार त्याला सहसा बंदच असते आणि गावातल्या सावकाराचे किंवा खत-औषध दुकानदाराचे उधार हाच त्याचा आधार ठरतो.

विमा आहे, पण तो कशाचा, हेही पाहिले पाहिजे. २०१६ पासूनची पंतप्रधान पीक विमा योजना मुख्यतः उत्पादनातील घट भरून काढण्यासाठी आहे. पीक उत्तम आले आणि भाव कोसळला, तर ती काहीच देत नाही. केंद्र सरकार २२ पिकांसाठी किमान आधारभूत किंमत जाहीर करते, त्यांत कांदा नाही. भाजीपाला व फळे पिकविणारा शेतकरी म्हणजे भावाच्या बाबतीत उघड्यावर उभा असलेला माणूस.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७७ व्या फेरीनुसार २०१८-१९ मध्ये देशातील शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये होते. त्यांतील पिकांपासूनचे निव्वळ उत्पन्न ३,७९८ रुपये, तर मजुरी व पगारातून आलेले ४,०६३ रुपये. शेतकरी म्हणविणारे कुटुंब पिकापेक्षा मजुरीवर अधिक कमावत होते. निम्म्याहून अधिक कुटुंबे कर्जात होती. एका हंगामाचा फटका पचविण्याची ताकद अशा घरात कुठून येणार?

नियम बदलतो, पीक बदलत नाही

निसर्ग आणि बाजार यांच्या जोडीला तिसरा धोका धोरणाचा. सप्टेंबर २०१९ मध्ये निर्यातबंदी आली, ती मार्च २०२० मध्ये उठली. सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा आली, १ जानेवारी २०२१ पासून उठली. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के शुल्क, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ८ डिसेंबरला पूर्ण बंदी. ही बंदी ३१ मार्च २०२४ पर्यंत होती, पण मुदत संपण्याआधीच ती वाढविण्यात आली. ४ मे २०२४ रोजी ती उठली, तरी ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क लागू झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य हटले, शुल्क २० टक्क्यांवर आले. तेही १ एप्रिल २०२५ पासून रद्द झाले.

ही तारीखवार जंत्री कंटाळवाणी वाटेल, पण शेतकऱ्याच्या वेळापत्रकाशेजारी ठेवली की तिचा अर्थ कळतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये ज्याने उन्हाळ कांद्याचे उळे टाकले, त्याच्यासाठी निर्यात अटींसह का होईना, खुली होती. रोपे शेतात लागली तेव्हा ती बंद झालेली होती आणि माल काढणीला आला तेव्हाही बंदच होती. कारखानदार मागणी घटली की उत्पादन थांबवू शकतो. जमिनीत लावलेली रोपे परत घेता येत नाहीत.

ग्राहकाला महागाईपासून वाचविणे हे सरकारचे कर्तव्यच आहे. डिसेंबर २०१९ मध्ये किरकोळ बाजारात कांदा शंभरी ओलांडून गेला, तेव्हा हातावर पोट असलेल्यांचे हाल झाले, हे विसरता येणार नाही. पण हा खर्च कोणी करायचा? केंद्राने नाफेड व एनसीसीएफमार्फत कांदा खरेदी करून २०२३ मध्ये २५ रुपये आणि २०२४ मध्ये ३५ रुपये किलोने शहरांत विकला, तेव्हा दिलाशाचा निदान काही भार सरकारी तिजोरीने उचलला. निर्यातबंदीत मात्र स्वस्ताईचे बिल थेट उत्पादकाच्या नावावर फाटते, आणि त्या स्वस्ताईचा लाभ झोपडीतील मजुराला व उंची हॉटेलला सारखाच होतो.

ग्राहकाचा रुपया

रिझर्व्ह बँकेच्या २०२४ मधील एका अभ्यासनिबंधानुसार ग्राहकाने मोजलेल्या रुपयातील टोमॅटो उत्पादकाचा वाटा सुमारे ३३ टक्के, कांदा उत्पादकाचा ३६ टक्के आणि बटाटा उत्पादकाचा ३७ टक्के आहे. उरलेले सगळे पैसे दलालाचा नफा, असा सरसकट समज आहे, तो बरोबर नाही. त्यांत प्रतवारी, गोणी, वाहतूक, नासाडी, दुकानाचे भाडे आणि किरकोळ विक्रेत्याचे पोटही असते. तरीही साखळी जितकी लांब, तितका मूळ धन्याचा वाटा घटतो, हे खरेच.

म्हणूनच 'शेतकरी ते ग्राहक' ही कल्पना आकर्षक ठरली. महाराष्ट्राने जुलै २०१६ मध्ये फळे व भाजीपाला बाजार समित्यांच्या आवाराबाहेर नियमनमुक्त केला. पणन मंडळाच्या पुढाकाराने पुणे-मुंबईत शेतकरी आठवडी बाजार भरू लागले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा शेतकऱ्यांच्या गटांनी थेट गृहनिर्माण संस्थांच्या फाटकाशी भाजीच्या गाड्या उभ्या केल्या. संकटात शहराला गावाची आठवण झाली.

मात्र थेट विक्रीत दलालाची आडत वाचते, तशी त्याची कामेही शेतकऱ्याच्या अंगावर येतात. गाडी, माणूस, वजनकाटा, सुटे पैसे आणि संध्याकाळी उरलेला माल, सगळे त्याचेच. ग्राहकाला दारात ताजी भाजी हवी असते, पण कोपऱ्यावरच्या हातगाडीवर दोन रुपये स्वस्त मिळाली की तो तिकडे वळतो. त्यात गैर काही नाही. पण जोखीम तसूभरही वाटली गेलेली नसते.

भाव आधी ठरला तर

जगात याहून पुढचे प्रयोग झाले आहेत. जपानमध्ये १९७० च्या दशकात शहरी कुटुंबे आणि शेतकरी यांच्यात 'तेइकेइ' नावाची थेट भागीदारी रुजली. अमेरिकेत १९८६ मध्ये मॅसॅच्युसेट्स व न्यू हॅम्पशायर येथील दोन शेतांवर सभासद-शेतीची सुरुवात झाली. तेथे ग्राहक हंगामाआधीच वर्गणी भरतात. पीक भरघोस आले तर टोपली भरते, गारपीट झाली तर ती अर्धी येते. बियाण्याचे पैसे व्याजाशिवाय मिळतात आणि वाईट वर्ष सगळे मिळून सोसतात.

हे परदेशीच आहे, असे मानण्याचे कारण नाही. सहकारी दूध चळवळीने हेच तत्त्व दुसऱ्या मार्गाने राबविले. दूध रोज संकलित होते, फॅटनुसार दर लागतो आणि जादा दुधाची पावडर होते. आज पुरवठा वाढला म्हणून उद्या दूध फेकावे लागू नये, यासाठी प्रक्रिया उभी राहिली. २००३ पासून अमलात आलेल्या उत्पादक कंपनी कायद्याने भाजीपाल्यालाही ती वाट खुली केली. दिंडोरी तालुक्यातील मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सने द्राक्ष निर्यात आणि टोमॅटो प्रक्रिया यांत त्यावर उभे केलेले काम सर्वज्ञात आहे. अर्थात अशी उदाहरणे अजून मोजकीच आहेत. नोंदणी झालेल्या अनेक कंपन्यांना खेळते भांडवल आणि व्यवस्थापक या दोन्हींची वानवा आहे.

शहरी ग्राहकाच्या आधारालाही मर्यादा आहेत. एका सोसायटीने वर्षाचा कांदा गटाकडून घेतला तरी तो काही क्विंटल भरेल. लासलगावच्या आवारात हंगामात एका दिवसात हजारो क्विंटलचे लिलाव होतात. तेवढा माल फाटकावरच्या विक्रीने खपणार नाही. त्यासाठी हंगामाआधी जाहीर झालेले आणि हंगाम संपेपर्यंत न बदलणारे निर्यात धोरण, अधिक टिकाऊ साठवण आणि भाव कोसळल्यावर आपोआप लागू होणारी भरपाईची पद्धत, ही कामे सरकारलाच करावी लागतील. आंदोलनानंतर जाहीर होणारे अनुदान ही भरपाई नव्हे, ती मलमपट्टी होय.

तरीही ग्राहकाने आपला हिशेब एकदा करून पाहायला हवा. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच किलो कांदा लागतो, असे धरले आणि किलोमागे दहा रुपये जास्त मोजावे लागले, तर महिन्याचा बोजा पन्नास रुपये. तेच दहा रुपये पूर्णपणे उत्पादकापर्यंत पोहोचले, तर क्विंटलमागे हजार आणि शंभर क्विंटलवर एक लाख रुपये होतात. पन्नास रुपयेही ज्यांना जड आहेत, त्यांना स्वस्त कांदा शिधावाटप दुकानातून जरूर द्यावा. पण ज्यांना ते जड नाहीत, त्यांच्या सोयीसाठी चाळीतला कांदा सडू द्यावा काय?

काही सोसायट्या एकत्र येऊन काढणीआधी दर ठरवू शकतील, त्यातील काही रक्कम आगाऊ देऊ शकतील आणि बाजार त्याखाली गेला तरी शब्द पाळू शकतील. दर चढला तर शेतकऱ्यानेही तो पाळावा लागेल. हा व्यवहार दानाचा नाही, दोन्ही बाजूंनी बांधलेला आहे. २०२३ मध्ये सोलापुरात माल घेऊन आलेल्या शेतकऱ्याला निदान एवढे आधी ठाऊक असते, की आपली दहा पोती कोणत्या दराने जाणार आहेत, तर गाडीभाडे खर्चून ती बाजारात न्यायची की नाही, हे तरी त्याला घरी बसून ठरविता आले असते.