25 टक्क्यांवरून 40 टक्क्यांवर जायला किती ऑर्डर लागतात?



आज एक छोटं गणित करू. समजा, तुमचं ग्रील-गेटचं फॅब्रिकेशन वर्कशॉप आहे. आतापर्यंत तुम्ही 40 कोटेशन दिली आणि 10 ऑर्डर मिळाल्या. म्हणजे 25 टक्के. हा आकडा तुम्हाला 40 टक्क्यांवर न्यायचाय. अजून किती ऑर्डर लागतील?

झटकन उत्तर येतं, "40 चे 40 टक्के 16. दहा आहेत, सहा आणू." इथेच गल्लत होते. सहा नवीन ऑर्डरी आल्या म्हणजे सहा कोटेशनही वाढली. 46 पैकी 16, म्हणजे 35 टक्केसुद्धा नाही.

नीट मांडू. नवीन ऑर्डरी क्ष धरा. त्या वरही वाढतात, खालीही:

(10 + क्ष) ÷ (40 + क्ष) = 40 ÷ 100

सोडवलं की क्ष = 10. म्हणजे 50 पैकी 20. पण त्यासाठी लागोपाठ दहा गिऱ्हाइकांनी "हो" म्हणायला हवं, एकही नकार नको. असं कुठल्या धंद्यात होतं?

आता खरं चित्र बघा. तुम्ही सुधारलात आणि यापुढे दर दोन कोटेशनमागे एक ऑर्डर मिळू लागली. तरी 40 टक्के गाठायला आणखी 60 कोटेशन द्यावी लागतील. त्यात 30 ऑर्डरी, तेव्हा कुठे 100 पैकी 40.

माझं स्पष्ट मत आहे: एकूण टक्केवारीच्या मागे लागू नका. ती जुन्या नकारांचं ओझं घेऊन चालते. वरच्याच उदाहरणात पहिल्या 20 नवीन कोटेशननंतर एकूण आकडा 33 टक्के दिसेल, पण त्या 20 चा आकडा 50 टक्के आहे. तुमची आजची तब्येत हा दुसरा आकडा सांगतो.

हे कळलं नाही की माणूस वैतागतो आणि भाव पाडतो. तिथे खरं नुकसान आहे. समजा, ऑर्डर 10,000 रुपयांची, खर्च 8,000. दहा ऑर्डरींवर 20,000 सुटतात. तुम्ही 10 टक्के सूट दिलीत आणि 40 पैकी 16 ऑर्डरी मिळाल्या. टक्केवारी झाली 40! पण एका ऑर्डरमागे उरले 1,000, म्हणजे एकूण 16,000. काम सहा ऑर्डरींनी जास्त, हातात 4,000 कमी.

म्हणून आज रात्री दुकान बंद केल्यावर वही काढा. शेवटची 20 कोटेशन लिहा. प्रत्येकापुढे तीन गोष्टी: ऑर्डर मिळाली का, किती सुटले, नाही मिळाली तर का. "का"च्या रकान्यात एकच कारण पुन्हा पुन्हा दिसलं, तर भावाला हात लावण्याआधी ते दुरुस्त करा.