केळशी परिसरातील पायाभूत सुविधा आणि सार्वजनिक-खासगी भागीदारी

केळशी हे रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यात भारजा नदीच्या मुखाशी वसलेले गाव आहे. रेवस ते रेडी या सागरी महामार्गावरील खाडीपुलांमध्ये केळशी खाडीवरील पुलाचा समावेश असून हे काम महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाच्या अखत्यारीत येते. सार्वजनिक सुविधेची उभारणी, वित्तपुरवठा किंवा संचालन कराराद्वारे खासगी संस्थेकडे सोपवून जोखीम वाटून घेण्याच्या पद्धतीस सार्वजनिक-खासगी भागीदारी म्हणतात. अशा व्यवस्थेत तोटा कोणी सोसायचा हा प्रश्न रत्नागिरीच्या किनाऱ्यावर वेगवेगळ्या प्रकारे सुटलेला दिसतो.

फेरीसेवा

दाभोळ खाडीत दाभोळ ते धोपावे दरम्यान २००३ पासून वाहने वाहून नेणारी खासगी फेरीसेवा चालते. बाणकोट खाडीत वेसवी-बागमांडला मार्गावरही अशी सेवा आहे. जलवाहतुकीचे नियमन महाराष्ट्र सागरी मंडळ करते. सेवेचा खर्च प्रामुख्याने भाड्यातून निघत असल्याने प्रवासी कमी झाल्यास झळ चालकास बसते. खाडीपूल पूर्ण झाल्यावर प्रवास सुलभ होईल. मात्र फेरीवर अवलंबून असलेल्यांच्या रोजगाराचा प्रश्न निर्माण होईल.

दाभोळ वीज प्रकल्प

गुहागर तालुक्यातील अंजनवेल येथील एन्रॉनच्या प्रकल्पात जोखमीची वाटणी उलट होती. वीज वापरली नाही तरी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने स्थिर आकार देणे बंधनकारक होते. देयके डॉलरच्या दराशी निगडित होती आणि राज्याच्या हमीला केंद्राची प्रतिहमी होती. ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला आणि २००१ मध्ये बंद पडला. २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी स्थापन करून प्रकल्प पुन्हा उभा करण्यात आला. मागणीचा अंदाज चुकल्याचा भार अखेर सार्वजनिक संस्थांवर पडला.

पथकर आणि अनुदान

विरळ वाहतुकीच्या पुलाचा खर्च केवळ पथकरातून निघणे कठीण असते. महाराष्ट्रात २०१५ मध्ये अनेक नाक्यांवर मोटारी व एसटी बसना पथकरातून सूट मिळाली, तेव्हा कंत्राटदारांची भरपाई शासनाकडे आली. केंद्राच्या व्यवहार्यता तफावत निधी योजनेतून अशा प्रकल्पांना एकूण खर्चाच्या २० टक्क्यांपर्यंत अनुदान मिळू शकते आणि प्रकल्प राबवणारी शासकीय यंत्रणा आणखी २० टक्क्यांपर्यंत भर घालू शकते.

पर्यावरण आणि संमती

केळशीच्या खाडीमुखाजवळील वाळूच्या टेकडीत मध्ययुगीन वस्तीचे अवशेष आढळले असून डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी तिचा अभ्यास केला आहे. २०१९ च्या किनारी नियमन क्षेत्र अधिसूचनेनुसार वाळूच्या टेकड्या आणि कासवांच्या विणीच्या जागा सर्वाधिक संरक्षित वर्गात मोडतात. केळशी व वेळासच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. या संपत्तीचे मूल्य कराराच्या हिशेबात सहसा धरले जात नाही.

भूसंपादनाच्या २०१३ च्या कायद्यानुसार भागीदारी प्रकल्पासाठी बाधित कुटुंबांपैकी ७० टक्क्यांची पूर्वसंमती आवश्यक आहे. मात्र राष्ट्रीय महामार्ग अधिनियमाखालील संपादनास ही अट लागू नाही.

मूल्यमापन

प्रकल्प न्याय्य आहे की नाही, हे भांडवल खासगी की सरकारी यापेक्षा तोट्याची जबाबदारी कोणावर आहे, भाडे किंवा पथकर सामान्यांना परवडतो का आणि करार सार्वजनिक छाननीस खुला आहे का, यांवर अधिक अवलंबून असते. करारावर सही झाल्यानंतर या बाबी बदलणे खर्चिक ठरते, हे दाभोळ प्रकल्पाने दाखवून दिले.